विश्वासाविषयी बोलायला शिकवणारा वर्ग : आठ आठवड्यांनंतरचा अभिप्राय

आपल्या ख्रिस्ती विश्वासाविषयी दुसऱ्याशी प्रत्यक्ष बोलावे कसे, हे शिकवणारा आठ आठवड्यांचा एक वर्ग मी नुकताच पूर्ण केला. नाव नोंदवण्यापूर्वी मी अशा वर्गाविषयीचे अभिप्राय शोधत होते, तेव्हा मला एक तर निव्वळ स्तुती वाचायला मिळाली किंवा निव्वळ टीका, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहिते आहे. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझ्या तक्रारी एका संस्थेपुरत्या नाहीत आणि याच धर्तीचे वर्ग अनेक ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) चालवतात. माझे मत आधीच सांगते. या वर्गाचे पहिले पाच आठवडे अतिशय मोलाचे आहेत, सहावा कच्चा आहे आणि सातवा, आहे त्या स्वरूपात, शिकवला जाऊ नये असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मी या वर्गाकडे का वळले, हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. माझा जन्म ख्रिस्ती कुटुंबात झाला. उपासनेला जाणे, घरी प्रार्थना करणे, आजाऱ्याला भेटणे हे सारे मी लहानपणापासून करत आले, पण विश्वासाविषयी बोलणे हे पाळकांचे आणि ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणाऱ्या सुवार्तिकांचे काम आहे असे मी मनाशी धरून चालले होते. मग एके दिवशी माझ्यासोबत काम करणाऱ्या, ख्रिस्ती नसलेल्या एका बाईंनी मला विचारले, “तुम्ही रोज प्रार्थना करता म्हणजे नेमकं काय करता? आणि कोणी ऐकतंय असं तुम्हाला कशावरून वाटतं?” प्रश्न मनापासून विचारलेला होता, त्यात खोच नव्हती. मी म्हणाले, “आमच्यात तशी पद्धत आहे.” त्यांनी मान हलवली आणि त्या कामाला लागल्या. माझे उत्तर खोटे नव्हते, पण माझ्या आयुष्यातल्या सर्वांत खऱ्या गोष्टीविषयी मी इतके पोकळ वाक्य बोलले, याची बोच पुढे कित्येक दिवस गेली नाही.

बायबलमधल्या, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातले पंधरावे वचन मी शेकडो वेळा ऐकले होते. आपल्या ठायी जी आशा आहे तिचे कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सदैव तयार असावे आणि ते उत्तर सौम्यतेने व आदराने द्यावे, असे ते सांगते. वर्गाच्या पहिल्याच दिवशी आम्हाला कळले की तिथे ‘उत्तर’ यासाठी आलेला मूळ ग्रीक शब्द ‘अपोलोगिया’ हा न्यायसभेपुढे स्वतःच्या बाजूने केलेल्या निवेदनासाठीही वापरला जात असे. म्हणजे त्या वचनात आधी कोणीतरी विचारते आणि मग विश्वासणारा बोलतो. माझ्यापुढे विचारणारी व्यक्ती होती, प्रश्नही होता, आणि नेमके उत्तर तेवढे नव्हते.

वर्गाची रचना साधी आहे. आठवड्यातून एकदा दोन तास, पहिला तास शिकवण्याचा आणि दुसरा जोडीने सराव करण्याचा. आम्ही चौदा जण होतो. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि सरावाच्या वेळी प्रत्येक जोडीजवळ खुर्ची ओढून बसत. सोबत एक कार्यपुस्तिका मिळते आणि घरी ऐकण्यासाठी प्रत्येक पाठाचे ध्वनिमुद्रण मिळते. ध्वनिमुद्रणे स्पष्ट आहेत, त्यांविषयी आणखी सांगण्यासारखे काही नाही.

कार्यपुस्तिकेच्या भाषेविषयी मात्र बोलायला हवे, कारण वर्ग बोलण्याचा आहे. पुस्तिका भाषांतरित आहे हे पानापानावर जाणवते. “मी माझा विश्वास तुमच्यासोबत वाटून घेऊ इच्छितो” असे वाक्य कोणत्याही मराठी माणसाने दुसऱ्या मराठी माणसापुढे कधी उच्चारले असेल असे मला वाटत नाही. आपण गोष्ट सांगतो, अनुभव सांगतो, साक्ष देतो. वाटून घेतो ती भाकरी किंवा जमीन. ‘साक्ष’ हा इतका चांगला, डोळ्यांनी पाहिल्याचा अर्थ पोटात असलेला शब्द आपल्याकडे असताना त्याला बाजूला सारण्याचे काहीच कारण नव्हते. नव्या करारात साक्षीदारासाठी जो ग्रीक शब्द येतो, ‘मार्तुस’, त्यावरूनच पुढे इंग्रजीत हुतात्म्याला ‘मार्टर’ म्हणू लागले, हे बाईंनी फळ्यावर लिहून दाखवले. साक्षीदाराचे काम युक्तिवाद जिंकण्याचे नसते. आपण जे पाहिले ते, जेवढे पाहिले तेवढे सांगण्याचे असते. पहिल्या आठवड्याचा सारा भर यावर होता आणि तो योग्य होता.

दुसरा आणि तिसरा आठवडा ऐकण्याला दिलेला आहे, आणि माझ्या मते या वर्गाचा प्राण तिथे आहे. बोलायला शिकण्यासाठी आलेल्या माणसांना दोन आठवडे बोलूच द्यायचे नाही, हे प्रथम काही जणांना रुचले नाही. आधार घेतला होता येशूचे चरित्र सांगणाऱ्या लूककृत शुभवर्तमानातल्या चोविसाव्या अध्यायाचा. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य खिन्न होऊन चालले आहेत आणि क्रुसावर मरून पुन्हा उठलेला, म्हणजे पुनरुत्थित, येशू त्यांच्या सोबतीने चालू लागतो; ते त्याला ओळखत नाहीत. तो प्रथम विचारतो की तुम्ही चालता चालता कशाविषयी बोलत आहात. ते म्हणतात, यरुशलेमात एवढे घडले आणि तुम्हाला ठाऊक नाही? त्यावर तो पुन्हा विचारतो, कोणत्या गोष्टी? ज्याच्यावर त्या साऱ्या गोष्टी घडल्या त्यानेच हे विचारले आणि मग त्यांना त्यांची निराशा त्यांच्याच शब्दांत पुरती सांगू दिली. शास्त्राचा उलगडा त्यानंतर येतो. हा उतारा मी पुनरुत्थानाच्या सणाला दरवर्षी ऐकत आले, पण त्यातले ते दोन प्रश्न मला आजवर कधी ऐकूच आले नव्हते.

सराव असा होता की जोडीतल्या एकाने दहा मिनिटे आपल्या आयुष्यातल्या एखाद्या कठीण काळाविषयी बोलायचे. दुसऱ्याने मध्ये फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, वचन सांगायचे नाही, “माझंही असंच झालं होतं” असे म्हणायचे नाही. मग जे ऐकले ते दोन-तीन वाक्यांत परत सांगायचे आणि ते बरोबर आहे की नाही हे बोलणाऱ्याने ठरवायचे. माझा जोडीदार एक तरुण होता. नोकरी गेल्यानंतरच्या वर्षाविषयी तो बोलला आणि मी सारांश सांगितला, “त्या काळात देवाने तुला सोडून दिलं असं तुला वाटलं.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “नाही ताई, तसं मी म्हटलं नाही. मी देवाला सोडलं असं मला वाटलं.” दोन्ही वाक्यांत शब्द जवळपास तेच, पण त्यांच्यामध्ये केवढे अंतर होते. मी त्याच्या तोंडी माझ्या ओळखीचे दुःख घातले होते. तो पाठ तिथेच थांबला असता आणि मी माझी साक्ष त्याला सांगितली असती, तर त्याने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी मोठ्या उत्साहाने दिले असते.

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात प्रत्येकाने आपली साक्ष तीन मिनिटांत बसवायची होती. यासाठी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातले दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचले, आणि असा तौलनिक अभ्यास मी पूर्वी कुठल्याही वर्गात केला नव्हता. पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करत असे; दिमिष्काच्या वाटेवर त्याला येशूचे दर्शन घडले, तो काही दिवस आंधळा झाला आणि विश्वास ठेवू लागला. आपल्याला काय झाले हे तो बाविसाव्या अध्यायात यरुशलेमातल्या संतप्त जमावाला सांगतो आणि सव्विसाव्या अध्यायात राजा अग्रिप्पाला सांगतो. घटना एकच आहे. पण जमावापुढे तो इब्री भाषेत बोलतो, गमलियेल या नामांकित यहुदी गुरूच्या पायाशी शिकल्याचे सांगतो आणि त्याला पुन्हा दृष्टी मिळाली तेव्हा त्याच्याकडे आलेला हनन्या हा नियमशास्त्राप्रमाणे चालणारा, यहुद्यांत नावाजलेला माणूस होता हे आवर्जून नमूद करतो. अग्रिप्पापुढे हनन्याचे नावच येत नाही. आंधळेपणाचाही उल्लेख गळतो आणि पराणीवर लाथ मारण्याची म्हण येते, जी बैल हाकणाऱ्या कोणालाही कळावी. पौलाने कुठेही खोटे सांगितले नाही किंवा मुख्य गोष्ट बदलली नाही. समोर कोण बसले आहे हे पाहून त्याने काय आधी सांगायचे आणि काय गाळायचे ते ठरवले. आणि एवढे करूनही जमाव शेवटी ओरडू लागला, रोमी सुभेदार फेस्त त्याला वेडा म्हणाला आणि अग्रिप्पा वाक्य टाकून उठून गेला. साक्ष चांगली दिली म्हणजे ऐकणारा मानतोच असे नाही, हे पुस्तिकेने स्वच्छ लिहिले आहे आणि त्यासाठी तिला श्रेय द्यायला हवे.

माझा पहिला खर्डा अकरा मिनिटांचा झाला. त्यात माझा जन्म, बाप्तिस्मा, शब्बाथशाळा, आईची शिकवण आणि दोन आजारपणे असे सारे होते. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि एकच विचारले, “यातलं फक्त तुमचंच असं काय आहे?” त्यानंतर आमच्या हाती एक कार्ड दिले, ज्यावर वापरायचे नाहीत असे शब्द छापले होते : तारण, कृपा, पाप, पश्चात्ताप, अभिषेक, आशीर्वाद, नवा जन्म, ‘प्रभूने मला स्पर्श केला’. मला आधी हे कार्ड पटले नाही, कारण हे शब्द शतकानुशतकांच्या विश्वासाने घासून घासून उजळलेले आहेत आणि ते माझे आहेत. पण सरावाला बसल्यावर कळले की त्यांच्या आड मी लपत होते. ‘देवाने माझ्यावर कृपा केली’ हे वाक्य मी एका श्वासात म्हणू शकते. तो शब्द काढून घेतल्यावर काय झाले होते ते मला आठवावे लागले.

काय झाले होते ते असे. माझ्या भावाशी मी सहा वर्षे बोलत नव्हते. कारण वाटणीचे होते आणि चूक त्याची होती, असे मला तेव्हा वाटे आणि बहुतांशी आजही वाटते. प्रभूच्या प्रार्थनेत, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तसे तू आमचे ऋण सोड, अशा अर्थाची ओळ आली की माझे ओठ मिटत. बाजूचे सारे म्हणत राहत आणि मी पुढच्या ओळीपाशी त्यांना पुन्हा गाठे. वर्षानुवर्षे मी ती एक ओळ गाळून प्रार्थना केली आणि दर वेळी ती न म्हटलेली ओळच मला सर्वांत मोठ्याने ऐकू आली. एका रात्री मी भावाला फोन केला. मला क्षमा करावीशी वाटू लागली म्हणून नव्हे. तर ती ओळ टाळण्याचे बळ संपले म्हणून. माझी साक्ष एवढीच आहे. ती दोन मिनिटे चाळीस सेकंदांत सांगून होते आणि त्यात कार्डावरचा एकही शब्द लागत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला, येशूने दृष्टी दिलेला जन्मांध मनुष्य या दोन आठवड्यांत आमच्या सोबत होता. शेजाऱ्यांनी विचारल्यावर तो म्हणतो, येशू नावाच्या मनुष्याने चिखल करून माझ्या डोळ्यांना लावला. परूश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, विचारल्यावर म्हणतो, तो संदेष्टा आहे. दडपण वाढल्यावर तो आपल्याला न कळणाऱ्या वादात शिरतच नाही. आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढे एकच आपल्याला ठाऊक आहे असे सांगतो. ‘प्रभू, मी विश्वास धरतो’ हे तो सर्वांत शेवटी म्हणतो. सांगता सांगता त्याची ओळख वाढत गेली. विश्वास पुरता पक्का झाल्यावरच बोलायचे, असे मानून गप्प राहणाऱ्या माझ्यासारख्यांना या अध्यायाने मोठा धीर दिला.

सहाव्या आठवड्याविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण त्यात थोडकेच होते. विषय होता कठीण प्रश्नांची उत्तरे. निरपराध माणसांना दुःख का, या प्रश्नाला पुस्तिकेत एक पान दिले आहे आणि त्या पानावर चार मुद्दे आहेत. बायबलमधल्या, निरपराध असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाला समजावणाऱ्या मित्रांजवळ याहून अधिक मुद्दे होते, आणि ते देवाला आवडले नाहीत. सुदैवाने बाईंनी ते पान बाजूला ठेवून आम्हाला “मला ठाऊक नाही” हे वाक्य मान खाली न घालता म्हणण्याचा सराव करायला लावला. अथेन्समध्ये अरीयपग नावाच्या सभेपुढे पौलाने केलेल्या भाषणाचा पाठही त्यांनीच रंगवला. तो तिथल्या लोकांच्या ‘अज्ञात देवाला’ अर्पण केलेल्या वेदीपासून सुरुवात करतो आणि त्यांच्याच कवींची ओळ उद्धृत करतो. शेवटी काही जण थट्टा करतात, काही जण पुन्हा ऐकू म्हणतात आणि दिओनुस्य व दामारी यांच्यासारखे काही जण विश्वास ठेवतात. तिन्ही प्रकारचे श्रोते एकाच भाषणाचे होते.

याच आठवड्यात एका पाहुण्या वक्त्याने असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावावर खपणारे एक प्रसिद्ध वाक्य ऐकवले : सदैव सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा. हे वाक्य फ्रान्सिस यांच्या लेखनात सापडत नाही. त्यांनी आपल्या संन्यासी संघासाठी लिहिलेल्या १२२१ च्या नियमावलीत संघातल्या सर्व बंधूंनी कृतींनी प्रचार करावा असे जरूर लिहिले आहे, पण ते स्वतः गावोगावी बोलत फिरले आणि १२१९ मध्ये, धर्मयुद्ध चालू असताना, इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिल याला भेटायला निःशस्त्र गेले. त्याच नियमावलीत परधर्मीयांमध्ये राहणाऱ्या बंधूंसाठी दोन मार्ग सांगितले आहेत. एक म्हणजे वादविवाद न करता, देवासाठी सर्वांच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करणे. आणि दुसरा म्हणजे देवाला ते आवडेल असे दिसेल तेव्हा त्याचे वचन उघडपणे सांगणे. उसन्या वाक्यापेक्षा हे कितीतरी खोल आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली सुवार्ताप्रसारावर काढलेल्या पत्रातही दोन्ही गोष्टी आहेत : आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक मनापासून ऐकतो, हे एका ठिकाणी, आणि जीवनाने दिलेली साक्ष आज ना उद्या शब्दांनी उलगडून सांगावीच लागते, हे दुसऱ्या ठिकाणी. पहिले वाक्य सर्वांना पाठ असते. माझ्यासारख्या चांगल्या वागणुकीमागे मौन झाकणाऱ्या माणसांना गरज दुसऱ्या वाक्याची असते.

आता सातवा आठवडा. विषय होता ‘निर्णयाकडे नेणे’. पुस्तिकेत एक संवाद छापला आहे. संभाषणाच्या शेवटी समोरच्याला विचारायचे की आज रात्री तुमचा मृत्यू झाला तर तुम्ही कुठे जाल. तो अडखळला तर लगेच पुढची चार वाक्ये म्हणायची, एक छापील प्रार्थना त्याच्याकडून म्हणून घ्यायची आणि मग एका पत्रकावर त्याचे नाव, दिनांक व ‘निर्णय झाला’ असे लिहून ते पत्रक जमा करायचे. हा संवाद जोडीने म्हणून पाहायचा होता. माझा तोच तरुण जोडीदार समोर बसला होता, ज्याचे वाक्य मी तिसऱ्या आठवड्यात उलटे ऐकले होते. मी पहिला प्रश्न वाचला आणि पुढचा वाचू शकले नाही. ज्या वर्गाने मला दोन आठवडे ऐकायला शिकवले, तोच वर्ग आता समोरचा माणूस अडखळण्याची वाट पाहायला सांगत होता.

माणसाने ख्रिस्ताकडे वळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, हे येथे स्पष्ट लिहिते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्राने पश्चात्ताप करा असे थेट म्हटले, आणि आमंत्रण न देणारी सुवार्ता अपुरी आहे हे मला मान्य आहे. पण आमंत्रण आणि घाई यांत फरक आहे. पेत्राने ते म्हटले, कारण ऐकणाऱ्यांच्या अंतःकरणाला चुटपुट लागून त्यांनीच विचारले होते, आम्ही काय करावे? ज्या क्षणी ऐकले त्याच क्षणी सर्वांसमक्ष निर्णय नोंदवून घेण्याची पद्धत मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी जागृतीसभांतून रुळली. अमेरिकी सुवार्तिक चार्ल्स फिनी यांनी १८३० च्या सुमारास त्यासाठी पुढच्या रांगेत वेगळे बाकच ठेवायला सुरुवात केली. त्या सभांनी अनेकांचे जीवन बदलले असेल, पण ती पद्धत म्हणजे सुवार्ता नव्हे आणि तिची पत्रके मोजणे तर मुळीच नव्हे.

मला सर्वांत जास्त खटकले ते पुस्तिकेचे मौन. २०११ मध्ये जागतिक मंडळी परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल आघाडी या तिघांनी मिळून बहुधर्मीय जगात ख्रिस्ती साक्ष कशी द्यावी याविषयी एक संयुक्त निवेदन काढले. एरवी अनेक बाबतींत मतभेद असलेल्या या संस्था तिथे एकमताने सांगतात की साक्ष देताना फसवणूक, बळजबरी आणि आमिष यांना स्थान नाही, आणि धर्म बदलणे हे इतके निर्णायक पाऊल आहे की त्यासाठी माणसाला विचाराला व तयारीला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. साक्ष बोलून देण्याच्या वर्गात हे निवेदन पहिल्या दिवशी वाचले जायला हवे. आमच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. आपल्या हाताखाली काम करणाऱ्याशी, रुग्णालयात खाटेवर पडलेल्याशी, आपल्याकडून मदत घेणाऱ्याशी किंवा दुसऱ्याच्या मुलाशी विश्वासाविषयी बोलताना कोणती मर्यादा पाळावी, याविषयीही एक ओळ नाही. ज्याला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही, त्याच्या ‘हो’ला साक्षीच्या दृष्टीने काय किंमत, हा प्रश्न मी वर्गात विचारला. बाईंना तो पटला. आयोजकांना मी लेखी कळवले आणि ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’ एवढे उत्तर आले. पुढच्या तुकडीतही तोच संवाद शिकवला गेला, असे मला नंतर त्या तुकडीतल्या एका ओळखीच्या व्यक्तीकडून समजले.

म्हणून माझी शिफारस अटीसह आहे. ज्यांना विश्वास आहे पण शब्द सापडत नाहीत, त्यांनी हा वर्ग जरूर करावा, आणि शक्यतो ओळख नसलेल्या व्यक्तीसोबत जोडी घ्यावी, कारण ओळखीच्या माणसापुढे आपण निम्मी वाक्ये गिळतो. ज्यांना बोलण्याची भीती नाही आणि वचने तोंडपाठ आहेत, त्यांना त्याची गरज माझ्याहून अधिक आहे, विशेषतः दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्याची. सातव्या आठवड्याला आरंभीच्या मंडळीतला सुवार्तिक फिलिप्प याची गोष्ट सोबत घेऊन जावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात तो रथाजवळ धावत जातो, आतला माणूस यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचताना ऐकतो आणि आपण जे वाचता ते समजते का, एवढेच विचारतो. रथात बसण्याची विनंती तो प्रवासी करतो. फिलिप्प त्याच उताऱ्यापासून आरंभ करतो. पाणी दिसल्यावर बाप्तिस्म्याविषयीही तो प्रवासीच विचारतो. आयोजकांनी छापील संवादाच्या जागी ही बारा-तेरा वचने ठेवली, तरी वर्ग पुरता सुधारेल.

आठव्या आठवड्याचा अभ्यास वर्गाबाहेर करायचा होता : ज्याने कधी आपल्याला विचारले होते, त्याला पुन्हा विचारण्याची संधी द्यायची. मी कामावरच्या त्या बाईंना सुट्टीच्या वेळेत म्हणाले, “तुम्ही मागे मला प्रार्थनेविषयी विचारलं होतं, मी नीट उत्तर दिलं नव्हतं. अजून ऐकायचं असेल तर सांगते, नसेल तर काही नाही.” त्या म्हणाल्या, “सांगा की.” मी भावाची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, “कोणी ऐकतंय हे कशावरून, असं तुम्ही विचारलं होतं. मला सिद्ध करून दाखवता येणार नाही. पण मी माझ्या मनाशीच बोलत असते तर मनाने मला त्या ओळीपाशी इतकी वर्षं अडवलं नसतं. मन माझ्याच बाजूचं होतं.”

त्या बराच वेळ डबा तसाच धरून बसल्या. मग विचारले, “आणि भाऊ बोलला?” मी म्हणाले, “त्या रात्री नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून फोन केला.” त्यावर त्यांनी ख्रिस्ताविषयी काही विचारले नाही. त्यांनी मला ती ओळ पुन्हा म्हणून दाखवायला सांगितली, मी म्हटली, आणि सुट्टी संपेपर्यंत त्या आपल्या धाकट्या बहिणीविषयी बोलत राहिल्या. मी मध्ये दोनदा प्रश्न विचारले, तेवढेच.